उन्हाळ्यातला लीग सामना: कर्णधार आणि मॅनेजरने काय काय करायचं

परीक्षा संपल्या की नागपुरात मैदानं मोकळी होतात, पोरं मोकळी होतात, नोकरीवाल्यांना रजा मिळते, आणि क्लबांचे लेदर बॉलचे सामने नेमके एप्रिल-मेमध्ये येऊन पडतात. मेमध्ये इथला पारा 45 च्या पुढे जातो. हवामान खात्याचा हा आकडाही सावलीतला असतो, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीतल्या तापमापकाचा. मॅटिंगच्या, म्हणजे पिचवर अंथरलेल्या चटईच्या, दोन्ही बाजूंच्या भाजलेल्या मातीवर, पॅड बांधून, हेल्मेट घालून उभ्या असलेल्या पोराला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं.

मी बारा उन्हाळे क्लबचा संघ सांभाळला. सहाव्या वर्षी, दुपारी दीडच्या सुमारास, आमचा मध्यमगती गोलंदाज हातात बॉल घेऊन चुकीच्या टोकाकडे चालू लागला. कितवी ओव्हर रे, असं विचारलं तर त्याने मागच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्धी संघाचं नाव सांगितलं. आम्ही हसलो. दोन मिनिटांत तो मिड-ऑनला जमिनीवर होता. मैदानाच्या माळीकाकांनी पिचवर पाणी मारायचा पाइप ओढत आणला म्हणून तो वाचला. त्या दिवसानंतर मी जे शिकलो आणि दर सामन्याला पाळत गेलो, ते क्रमाने इथे लिहितो आहे.

आठवडाभर आधी

शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून पहिल्या सामन्याच्या दोन आठवडे आधीपासून नेट्स सकाळी सहाला न घेता हळूहळू उशिरा सरकवा. पहिले तीन-चार दिवस आठला, मग नऊला, शेवटी साडेनऊ-दहाला तासभर. पुण्याहून किंवा बंगळूरहून सुट्टीला आलेला, सामन्याच्या आदल्या दिवशी उतरलेला खेळाडू कितीही चांगला असला तरी पहिल्या सामन्यात त्याच्याकडून पूर्ण ओव्हर्स टाकून घेऊ नका. मला सगळ्यात जास्त काळजी अशाच खेळाडूंची वाटते. त्यांना स्वतःला जोर असतो, आणि शरीर मात्र अजून एसीच्या ऑफिसात असतं.

याच आठवड्यात लीगच्या सचिवांना आणि समोरच्या कर्णधाराला फोन करा. सामना साडेनऊचा असेल तर सातला घ्या म्हणून मागणी करा. चाळीस ओव्हर्सच्या एका डावाला साधारण दोन तास पन्नास मिनिटं जातात. सातला पहिला बॉल पडला तर पहिला डाव दहाच्या आत संपतो, अर्ध्या तासाच्या सुट्टीनंतर दुसरा डाव सव्वाएकपर्यंत आटोपतो. तीस ओव्हर्सवर एकमत झालं तर पावणेसातला सुरू करून साडेअकराच्या आत सगळे घरी निघतात. मेमध्ये सहाच्या आत उजाडतं, त्यामुळे प्रकाशाची अडचण नसते. अडचण असते ती पोरांना साडेपाचला उठवायची, आणि ती आपल्याला सोडवता येते.

हवामान खात्याचा इशारा रोज बघायची सवय लावा. मैदानी भागात कमाल तापमान 40 किंवा जास्त आणि त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल, किंवा थेट 45 गाठत असेल, तर त्याला उष्णतेची लाट म्हणतात. किनाऱ्यावर हा आकडा 37 आहे. मुंबईच्या मैदानावर 34-35 ला जे हाल होतात ते आकड्यात दिसत नाहीत. तिथे हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. आपल्याकडे उलट आहे. कोरड्या हवेत घाम आला कधी आणि उडाला कधी ते कळतही नाही. टोपीच्या कडेला मिठाचा पांढरा पट्टा दिसला की समजायचं. म्हणूनच आपल्याकडे ओला दुपट्टा मानेवर टाकला की लगेच गार वाटतं. मुंबईत तोच दुपट्टा नुसता ओला राहतो.

पाण्याचा हिशेब

सामन्याची खरी तयारी इथे आहे. उन्हात पळणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटर घाम सहज जातो, वेगवान गोलंदाजाचा त्याहून जास्त. दिवसभरात माणशी पाच लिटर धरा. बारा खेळाडू, एक राखीव, स्कोअरर आणि मॅनेजर मिळून पंधरा, वर दोन पंच. म्हणजे पंच्याऐंशी लिटर. वीस लिटरचे चार जार कमी पडतात, पाच मागवा. पैसे कमी असतील तर क्लबने नवीन बॉल एक कमी घ्यावा, पण जार कमी करू नयेत.

हे झालं पिण्याचं. अंगावर ओतायचं, दुपट्टे भिजवायचं पाणी वेगळं. त्यासाठी दोन मोठे टब आणि दोन बादल्या न्या, आणि मैदानाचा नळ कुठे आहे, पाइप किती लांब आहे, पाण्याला जोर आहे का, हे माळीकाकांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. बर्फाची लादी एका टबात टाकायची आणि त्यात झाकणबंद बाटल्या ठेवायच्या. लादीचा बर्फ फोडून सरबतात टाकू नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे, पण रंग दिसला नाही म्हणून तो बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आहे असं धरून चालू नका. दुसऱ्या टबातलं बर्फाचं पाणी राखीव ठेवायचं. त्याला कोणी हात लावायचा नाही. ते कशासाठी, ते पुढे येईल.

पाणी नुसतं नको. घामातून मीठ जातं, आणि साधंच पाणी भराभर पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकरण वाढलं तर झटकेही येऊ शकतात. मी पाच जारांपैकी एक जार लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा करतो. प्रमाण घरच्या जलसंजीवनीचंच: एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वीस लिटरला साधारण अर्धा किलो साखर आणि पन्नास ग्रॅम मीठ होतं. चमचा चहाचा, आणि तो सपाट हवा. अंदाजाने मूठभर मीठ टाकणाऱ्याला या कामाला लावू नका, जास्त मीठ कमी मिठाइतकंच वाईट. ओआरएसची दहा पाकिटं किटबॅगेत वेगळी ठेवा. एक पाकीट पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात, बहुतेक एक लिटर, पूर्ण रिकामं करायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात हा प्रकार नको. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. शिवाय घरून ताक आणि पन्हं येऊ द्या. खारं ताक मला अजूनही सगळ्यांत भरवशाचं वाटतं, पोटाला जड होत नाही आणि पोरं आवडीने पितात. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं घेणारे सदस्य संघात असतील तर त्यांनी मीठ-साखरेचं आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

आदली रात्र आणि सकाळ

आदल्या रात्री सावजी नको. दारू तर नकोच. दारूने रात्रभर पाणी बाहेर जातं आणि सकाळी माणूस सुकलेलाच मैदानात येतो. सकाळी लघवीचा रंग बघायला सांगा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर निघण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायचं, हळूहळू. दोन दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झालेल्या खेळाडूला खेळवायचं नाही. तो म्हणेल मी बरा आहे. त्याला स्कोअररच्या शेजारी, सावलीत बसवा.

किटबॅगेत बाथरूममधला वजनकाटा टाका. प्रत्येकाचं वजन खेळण्याआधी वहीत लिहा. संध्याकाळी पुन्हा मोजायचं आहे. सत्तर किलोच्या माणसाचं वजन सामन्यात दीड किलोने उतरलं तर ती दोन टक्क्यांहून जास्त घट होते, आणि तेवढ्यावर पाय आणि डोकं दोन्ही मंदावतात. तीन सामन्यांत प्रत्येकाचा आकडा कळतो. आमच्याकडे एक ऑफस्पिनर होता, सडपातळ, तासाला दीड लिटर गमवायचा. काट्यावर चढवेपर्यंत कोणालाच पत्ता नव्हता.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सैल आणि पांढरे. टोपी गोल, रुंद काठाची. मान आणि कानांवर सनस्क्रीन लावा. फलंदाजांना ग्लोव्हजचे किमान दोन जोड, सगळ्यांना मोज्यांचा जास्तीचा जोड. ओल्या मोज्यात दुपारी फोड येतात आणि मग पोरगं लंगडत धावतं.

टॉस घड्याळ बघून

उन्हात आधी बॅटिंग घ्यायची, समोरच्यांना भाजून काढायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ते अर्धंच बरोबर वाटतं. विचार असा करा: फिल्डिंगला अकरा जण उन्हात असतात, बॅटिंगला दोघं. तेव्हा दुपारी बारा ते चार या वेळात आपले अकरा जण बाहेर असतील की दोघं, एवढंच बघायचं. सूर्य डोक्यावर येतो बाराच्या सुमारास, पण हवा सगळ्यात जास्त तापते अडीच ते चारच्या दरम्यान. सामना साडेनऊचा असेल तर पहिला डाव सव्वाबारा-साडेबाराला संपतो आणि दुसरा एक ते चार. टॉस जिंकलात तर फिल्डिंग घ्या. सामना साडेबाराचा असेल तर उलट करा: बॅटिंग घ्या, साडेतीनपर्यंत सावलीत बसा, आणि चारनंतर कलत्या उन्हात फिल्डिंगला जा.

विकेटचं काय, असं विचाराल. मॅटिंगवर दोन डावांत फारसा फरक पडत नाही. टर्फ, म्हणजे मातीची विकेट, असेल आणि दुपारपर्यंत भेगा रुंदावणार असतील तर चौथ्या-पाचव्या तासाचा स्पिन खेळायची तयारी ठेवा. तरीही 43 अंशांना मी फिल्डिंगच घेईन. पंचविसाव्या ओव्हरनंतर सुटणारे झेल भेगांपेक्षा महाग पडतात.

टॉसच्या वेळीच दोन्ही कर्णधारांनी पंचांसमोर पाण्याच्या सुट्ट्या ठरवून घ्यायच्या. एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या क्लबच्या, नियमांत कर्णधार सहमतीने पेयपानाची सुट्टी ठरवू शकतात, ती पाच मिनिटांहून मोठी नसावी. चाळीस ओव्हर्सच्या डावात बहुतेक लीगमध्ये एक सुट्टी असते. तुम्ही तीन मागा, दर दहा ओव्हर्सनी. समोरचा कर्णधार नाही म्हणत नाही, त्याचीही पोरं तिथेच असतात. सोबत आणखी एक परवानगी: सीमारेषेबाहेर चार दिशांना बाटल्या ठेवायची.

मैदानात

गोलंदाजीचे स्पेल लहान करा. एरवी पाच-सहा ओव्हर्स टाकणाऱ्याला तीनच द्या, मग तासभराची विश्रांती, मग पुन्हा तीन. चाळीस ओव्हर्सच्या सामन्यात एका गोलंदाजाला आठ मिळतात, त्या तीन-तीन-दोन अशा वाटल्या की बॉलचा वेगही टिकतो. मधल्या ओव्हर्स स्पिनर्सच्या. ओव्हर संपली की वेगवान गोलंदाजाला फाइन लेगला किंवा थर्ड मॅनला पाठवा, जिथे बाटली ठेवली आहे आणि कडुलिंबाची सावली सीमारेषेवर येते आहे. ती सावली दुपारभर सरकत असते, तिच्याबरोबर खेळाडू बदलत ठेवा. कव्हर आणि मिडविकेट या सगळ्यात जास्त पळायच्या जागा, तिथे दर दहा ओव्हर्सनी माणूस बदला. पहिल्या स्लिपमध्ये चाळीस ओव्हर्स उभं राहायचा मान कोणाचाच नको, कर्णधाराचाही नको.

बॉल चमकवताना लाळ चालत नाही, 2022 च्या बदलापासून ते नियमातच आहे. घाम चालतो. पण अकराही जणांचे हात घामट असताना बॉल दोन्ही बाजूंनी ओला होतो आणि स्विंगही जातो, पकडही जाते. कोरड्या हातांचा एकच माणूस नेमा, बॉल गोलंदाजाकडे त्याच्यामार्फत जाऊ द्या. गोलंदाजाच्या कमरेला रुमाल हवाच.

कोणी दहा मिनिटं बाहेर जातो म्हणाला तर लगेच जाऊ द्या आणि बदली खेळाडू घ्या. बदली खेळाडूला गोलंदाजी करता येत नाही, आणि बाहेर गेलेल्याला परतल्यावर तेवढा वेळ मैदानात काढल्याशिवाय गोलंदाजी मिळत नाही. लीगची स्वतःची कलमं थोडी वेगळी असू शकतात, ती पाहून ठेवा. या कलमापायी गोलंदाज चक्कर येत असताना लपवतात. त्यांना आधीच सांगा, तुझ्या ओव्हर्स राहिल्या तरी चालतील.

विकेटकीपरकडे वेगळं लक्ष हवं. पॅड, ग्लोव्हज, आतले ग्लोव्हज, हेल्मेट, आणि दर बॉलला बैठक. त्याच्या आतल्या ग्लोव्हजचे तीन जोड ठेवा, आणि वेगवान गोलंदाजी असेल तेव्हा त्याला मागे उभं राहून हेल्मेट काढू द्या.

आणि पंच. आपण बारा जणांची काळजी करतो आणि साठीच्या पुढचे दोन गृहस्थ ऐंशी ओव्हर्स उन्हात उभे असतात, ज्यांना कोणी बसवत नाही, ज्यांचा कोणी स्पेल बदलत नाही. डाव कोणाचाही असो, पंच दोन्ही डाव बाहेर असतात. पाणी घेऊन जाणाऱ्या मुलाला माझी सूचना असायची: पहिला ग्लास पंचांचा. ओला दुपट्टाही आधी त्यांना. सुट्टीत त्यांची खुर्ची कूलरसमोर लावा. नागपूरच्या कोरड्या हवेत पॅव्हेलियनमधला साधा डेझर्ट कूलर मोठं काम करतो, वीज नसेल तर वाळ्याचा पडदा भिजवून टांगा.

जेवण आणि बॅटिंग

जेवण हलकं ठेवा. दहीभात किंवा मुगाची खिचडी, ताक, टरबुजाच्या फोडी. पुरी-श्रीखंड सामना जिंकल्यावर. जेवून उठल्यावर दहा मिनिटं पाय वर करून पडा.

बॅटिंगला फक्त पुढचा एकच जण पॅड बांधून बसेल. चौघांनी तास-तास पॅड बांधून बसायची रीत थंडीतली आहे. क्रीजवरच्या दोघांना दर पाच ओव्हर्सनी कोरडे ग्लोव्हज आणि दोन घोट. नॉन-स्ट्रायकरने ओव्हर्सच्या मध्ये हेल्मेट काढायचं. शंभरच्या भागीदारीत पळून काढलेल्या धावा जास्त असतील तर दोघंही थकलेले असतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या ओव्हरमध्ये विकेट जाते, म्हणून ती ओव्हर बिनधोक खेळायची. गोळे आले तर ताणून, खारं पाणी देऊन बघा. तरीही जमत नसेल तर त्याला बाहेर बोलवा. आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे निवृत्त झालेला फलंदाज नंतर परत येऊ शकतो, हे अनेक पोरांना माहीतच नसतं. 1986 च्या मद्रास कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डीन जोन्स उलट्या करत खेळत राहिला, 210 धावा केल्या आणि नंतर त्याला रुग्णालयात सलाइन लावावं लागलं. ती गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. कसोटी संघाच्या दिमतीला जे असतं ते क्लबच्या मैदानावर नसतं, म्हणून पोरांना ही गोष्ट सांगताना शेवटचं रुग्णालयही सांगा.

कोणी कोसळलं तर

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, फिका चेहरा, पण बोलणं शुद्धीतलं: ही उन्हाची पहिली पायरी. सावलीत आडवं करा, पॅड-बूट काढा, पाय उंच ठेवा, अंगावर पाणी, वारा, घोटघोट ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही.

बोलणं असंबद्ध, चाल अडखळती, विनाकारण चिडणं, चुकीच्या दिशेला जाणं, शुद्ध हरपणं: हा उष्माघात. शरीराचं आतलं तापमान 40 च्या वर गेलेलं असतं आणि मेंदूला झळ बसलेली असते. एक मोठा गैरसमज असा की उष्माघातात घाम थांबतो, त्वचा कोरडी पडते. पळतापळता झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. घाम आहे म्हणून थांबू नका. माझ्या गोलंदाजाला घाम होता, म्हणूनच आम्ही दोन मिनिटं हसत राहिलो.

एकाने 108 ला फोन करायचा, मैदानाचं फाटक उघडून रस्त्यावर उभं राहायचं. बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडीत घालून पळवायची घाई नको: आधी गार करणं, मग नेणं. पिच झाकायची ताडपत्री पसरा, त्याला तिच्यावर निजवा, चौघांनी चार कोपरे उचलून खोलगट करा, राखीव टबातलं बर्फाचं पाणी त्यात ओता आणि ताडपत्री हलवत राहा, म्हणजे पाणी अंगाभोवती फिरेल. डोकं एकाने पाण्याच्या वर धरून ठेवायचं. ताडपत्री नसेल तर पाइप, बादल्या, भिजलेले टॉवेल सतत बदलत, आणि जोराचा वारा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरणं महत्त्वाचं. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ती चालत नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवा. रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. अंगात थंडी भरून हुडहुडी सुटली आणि तो नीट उत्तरं देऊ लागला तरच ओतणं कमी करा.

हा सराव हंगामाच्या सुरुवातीला एकदा करून बघा, एका पोराला ताडपत्रीवर निजवून. दहा मिनिटं लागतात.

खेळ कधी थांबवायचा

हवामान किंवा मैदान धोकादायक आहे का, हे ठरवायचा अधिकार एमसीसीच्या दुसऱ्या नियमात पंचांकडे आहे, आणि त्यात उष्णताही येते. पावसासाठी आपण तो रोज वापरतो, उन्हासाठी कोणी वापरत नाही. मार्च 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये चाळिशीपार उन्हात क्लबचा सामना खेळताना एक खेळाडू कोसळला आणि गेला. तिथल्या क्लब संघटनेच्या नियमात 42 च्या पुढे सामना रद्द करायची तरतूद होती, आणि 40 च्या पुढे जादा पाण्याच्या सुट्ट्या. आपल्या लीगने असा आकडा लिहूनच ठेवला पाहिजे, म्हणजे त्या दिवशी कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. मी सचिवांना दिलेल्या पत्रात 43 लिहिलं होतं, सकाळी सातच्या सामन्यासाठी वगळून. सोळा वर्षांखालच्या सामन्यांसाठी 40. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ, दिवसांत सामनेच नकोत.

संध्याकाळी

सामना संपला की पुन्हा काट्यावर. जितके किलो कमी, त्याच्या दीडपट लिटर द्रव पुढच्या चार-पाच तासांत, जेवणासोबत. एक किलो उतरलं असेल तर दीड लिटर. आकडा वहीत लिहा, नावापुढे. पॅड आणि ग्लोव्हज रात्रीच बाहेर वाळत घाला. ज्याला दुपारी चक्कर आली होती त्याला एकट्याने बाइकवरून घरी जाऊ देऊ नका, कोणीतरी त्याला मागे बसवून सोडून या. रात्री नऊला त्याच्या घरी एक फोन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा. लघवी झाली का, डोकं दुखतंय का, जेवला का, हे तीन प्रश्न त्याला नाही, त्याच्या आईला किंवा बायकोला विचारा.